घरचा मुलगा, निव्वळ नफा: चेल्सीची संघबांधणी, २०२२ ते २०२५

२९ मे २०२१ची रात्र. आपल्याकडे साडेबाराला सुरू झालेली चॅम्पियन्स लीगची फायनल, पोर्तोत, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर सिटी. रात्रीचा एक वाजून गेला होता, ४२वं मिनिट चालू होतं. मेसन माउंटने स्वतःच्या अर्ध्यातून एक पास सोडला आणि सिटीची बचावफळी मधोमध उघडी पडली. काई हावर्ट्झ त्या फटीतून धावला, गोलरक्षक एडरसनला मागे टाकलं आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलला. १-०. तेवढ्या एका गोलवर चेल्सी युरोपचा विजेता झाला.

पास देणारा माउंट वयाच्या सहाव्या वर्षापासून चेल्सीच्या अकॅडमीत वाढलेला. गोल करणारा हावर्ट्झ २०२० मध्ये मोठी रक्कम मोजून जर्मनीहून आणलेला. दोन वर्षांनी, २०२३च्या उन्हाळ्यात, क्लबने दोघांनाही विकलं. हावर्ट्झ सुमारे साडेसहा कोटी पौंडांना आर्सेनलकडे गेला. माउंट साडेपाच कोटी अधिक अटींवरचे पन्नास लाख अशा किमतीला मँचेस्टर युनायटेडकडे गेला. किमती जवळपास सारख्या, पण क्लबच्या हिशेबवहीत या दोन विक्रींचं वजन अगदी वेगळं होतं. या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या फरकात आहे.

वहीत खेळाडू कसा मांडतात

कारखान्यात नवं यंत्र आलं की त्याची सगळी किंमत त्याच वर्षी खर्चात टाकत नाहीत. यंत्र जितकी वर्षं चालणार तितक्या वर्षांत तो खर्च वाटतात, त्याला आपण घसारा म्हणतो. फुटबॉलमध्ये खेळाडूची ट्रान्सफर फी (त्याच्यासाठी आधीच्या क्लबला मोजलेली रक्कम) करार जितक्या वर्षांचा असेल तितक्या वर्षांत अशीच वाटली जाते. पाच कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वर्षाला एक कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी वहीत त्याचे दोन कोटी शिल्लक असतात. तेव्हा तो पाच कोटींनाच विकला, तरी नफा तीन कोटींचा दिसतो.

हावर्ट्झचा करार पाच वर्षांचा होता आणि त्यातली तीन वर्षं संपली होती. त्याच्या मूळ किमतीचे दोन पंचमांश वहीत उरले होते, आणि विक्रीच्या रकमेतून ते वजा करावे लागले. माउंटसाठी फी मोजलेलीच नव्हती, त्यामुळे वहीत त्याची किंमत शून्य. त्याच्या विक्रीतून आलेला जवळपास प्रत्येक पौंड त्याच वर्षाच्या नफ्यात जमा झाला. इंग्लंडमधले फुटबॉलचे हिशेबनीस याला ‘प्युअर प्रॉफिट’ म्हणतात. शब्द तांत्रिक आहे, पण पंधरा-सतरा वर्षं घरात वाढवलेल्या मुलासाठी तो वापरलेला ऐकला की मला अजून खटकतं.

आता खरेदीच्या बाजूने पाहा. साडेतीन कोटींचा अकॅडमीचा खेळाडू विकला की त्या वर्षी साडेतीन कोटी नफा दिसतो. तेवढ्याच किमतीचा बाहेरचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर त्या वर्षी सत्तर लाख खर्च दिसतो. म्हणजे एका घरच्या मुलाच्या विक्रीत तशाच पाच खेळाडूंच्या फीचा पहिल्या वर्षाचा हप्ता निघतो. पगार वेगळा, आणि पुढच्या चार वर्षांचे हप्ते बाकी राहतातच. ते फेडायला पुढच्या वर्षी आणखी कुणाला तरी विकावं लागतं.

दोन बंधनं, दोन दिशांना ओढणारी

पहिलं बंधन खर्चाचं. प्रीमियर लीगच्या त्या काळच्या ‘पीएसआर’ या तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या नियमाप्रमाणे क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालत असे, तोही मालकाने बहुतेक भार स्वतःच्या खिशातून उचलला तर. अकॅडमी, महिला संघ, स्टेडियमचं बांधकाम आणि समाजकार्य यांवरचा खर्च या तोट्यातून वगळत. नियमाला दात आहेत हे २०२३-२४च्या हंगामात सगळ्यांना दिसलं. एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, मग आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले. फॉरेस्टची बाजू अशी होती की आपल्याच अकॅडमीचा ब्रेनन जॉन्सन आम्ही ३० जूनला हिशेबाचं वर्ष संपण्याआधी न विकता चांगल्या किमतीची वाट पाहिली आणि पुढे टॉटनहॅमला विकला. प्रकरण ऐकणाऱ्या आयोगाने ते मान्य केलं नाही. तिथेही तराजूत घरचाच मुलगा होता.

दुसरं बंधन होमग्रोन खेळाडूंचं. प्रीमियर लीगमध्ये ते २०१०-११ पासून आहे. २१ वर्षांवरच्या खेळाडूंची यादी २५ जणांची, आणि त्यात होमग्रोन नसलेले जास्तीत जास्त १७, म्हणजे उरलेल्या ८ जागा होमग्रोनच्या. आयपीएल पाहणाऱ्यांना २५ आणि ८ हे आकडे ओळखीचे वाटतील, कारण तिथेही संघ २५चा आणि परदेशी खेळाडू कमाल ८. पण आयपीएलमध्ये पासपोर्ट बघतात आणि इथे तो कुणी विचारत नाही. २१ व्या वाढदिवसाआधी (किंवा तो वाढदिवस ज्या हंगामात येतो तो संपेपर्यंत) तीन पूर्ण हंगाम वा ३६ महिने इंग्लंड किंवा वेल्सच्या क्लबकडे नोंदणी झालेली असली की खेळाडू होमग्रोन ठरतो. डेन्मार्कचा आंद्रेआस क्रिस्टेन्सन पंधराव्या-सोळाव्या वर्षी चेल्सीत आला, म्हणून तो होमग्रोन.

युरोपच्या फुटबॉलची संघटना यूएफा, तिचा नियम आणखी बारीक आहे. तिथे २५च्या यादीत ८ जागा स्थानिक खेळाडूंसाठी राखीव असतात. त्या आठांतल्या जास्तीत जास्त चार जागांवर देशातल्या दुसऱ्या क्लबांत घडलेले खेळाडू चालतात, उरलेल्या चार तुमच्याच क्लबमध्ये १५ ते २१ या वयात तीन वर्षं काढलेल्यांच्या. असे चार नसतील तर जागा रिकामी ठेवायची, यादी तेवढी आखूड. दोनच असतील तर १७ अधिक ४ अधिक २, म्हणजे २३ जणांतच युरोपचा हंगाम काढायचा.

दोन्ही नियम शेजारी ठेवले की पेच दिसतो. एक नियम सांगतो, घरचे खेळाडू ठेवा. दुसरा तसं कुठेही लिहून सांगत नाही, पण हिशेब मांडायला बसलं की घरच्यालाच विकणं सर्वांत सोयीचं ठरतं. चेल्सीसारखी मोठी आणि चांगली अकॅडमी ज्याच्याकडे आहे, त्याला हा मोह सर्वांत जास्त होतो.

मोडलेल्या घराचा ताबा

चेल्सीने आपल्या मुलांवर भरवसा टाकला होता, पण तो नाइलाजाने. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीवरून फिफाने २०१९ मध्ये क्लबवर खरेदीबंदी घातली. त्या हंगामात प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्डने माउंट, टॅमी अब्राहम, फिकायो टोमोरी आणि रीस जेम्स यांना उतरवलं आणि संघ चौथा आला. दोन वर्षांनी पोर्तोच्या फायनलमध्ये माउंट आणि जेम्स पहिल्या अकरात होते. थियागो सिल्वा जखमी झाल्यावर आत आला तो क्रिस्टेन्सन. बंदीने लादलेला उपाय युरोपच्या करंडकापर्यंत पोचला होता.

मग १० मार्च २०२२ला, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, ब्रिटिश सरकारने रशियन मालक रोमन अब्रामोविचवर निर्बंध लादले. क्लबला ना खेळाडू घेता येत होते, ना करार वाढवता येत होते. अँटोनियो रुडिगर आणि क्रिस्टेन्सन यांचे करार संपत आले होते. दोघे फुकट गेले, एक रेआल माद्रिदला, दुसरा बार्सिलोनाला. मे २०२२च्या अखेरीस टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांच्या गटाने २५० कोटी पौंडांना क्लब घेतला आणि आणखी १७५ कोटी गुंतवायचं वचन दिलं.

नव्या मालकांना दोष देण्याआधी त्यांना काय मिळालं होतं ते लक्षात घ्यायला हवं. बचावाचे दोन खांब गेले होते. मधली फळी तिशीकडे झुकलेली. अब्रामोविच वर्षानुवर्षं तोटा स्वतः भरत होता, पण तसं चालवायला नव्यांना नियमाने वाव नव्हता. संघ नव्याने बांधणं भाग होतं. वाद फक्त एवढाच की तो कसा बांधायचा.

त्यांनी तरुण खेळाडू आणि लांब करार हा मार्ग धरला. जानेवारी २०२३ मध्ये बेनफिकाचा एन्झो फर्नांडेझ १०.६८ कोटी पौंडांना आला, तोवरची ब्रिटनमधली सर्वांत मोठी ट्रान्सफर. करार साडेआठ वर्षांचा. पाच वर्षांच्या करारावर त्याचा वर्षाचा हप्ता सव्वादोन कोटींच्या जरा खाली आला असता, साडेआठ वर्षांच्या करारावर तो सव्वा कोटीच्या आसपास आला. त्याच महिन्यात शाख्तारचा मिखाइलो मुद्रिक तितक्याच लांब करारावर आला. पुढच्या उन्हाळ्यात मोइसेस कायसेडोसाठी १० कोटी अधिक अटींवरचे दीड कोटी. पहिल्या तीन खिडक्यांत, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरावीक मुदतींत, मिळून खरेदी शंभर कोटी पौंडांच्या घरात पोचली.

युक्ती हुशारीची होती आणि नियमात बसत होती. पण लांब करारात दोन जोखमी असतात. खेळाडू चालला नाही तर त्याची वहीतली किंमत सावकाश उतरते, त्यामुळे विकताना तोटा दिसतो. आणि त्याचा पगार देऊ शकणारा दुसरा क्लब सापडत नाही. मुद्रिकच्या बाबतीत तर कुणी कल्पना केली नव्हती असं घडलं. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तेजक चाचणीच्या निकालामुळे तो तात्पुरता निलंबित झाला आणि वहीतला हप्ता मात्र चालू राहिला. दुसरीकडे यूएफाने १ जुलै २०२३ पासूनच्या करारांसाठी घसारा पाच वर्षांतच बसवायचं बंधन घातलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनीही तेच मतदानाने स्वीकारलं. दार बंद झालं.

मैदानावर तर पहिलं वर्ष वाताहतीचं गेलं. प्रशिक्षक थॉमस टुखेलला सप्टेंबरमध्येच काढलं, मग ग्रॅहम पॉटर, मग हंगामी म्हणून परत लॅम्पार्ड. ३८ सामन्यांत ३८ गोल, ४४ गुण, बारावं स्थान. जानेवारीत इतके खेळाडू घेतले, पण चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीच्या यादीत नवे फक्त तीन घालता येतात. फर्नांडेझ, मुद्रिक आणि जोआओ फेलिक्स आले, बचावपटू बेन्वा बादियाशिल बाहेर राहिला. पैसा कितीही असो, यादीची लांबी वाढत नाही, हे तिथे पहिल्यांदा उघड दिसलं.

विक्रीचे दोन उन्हाळे

२०२३च्या उन्हाळ्यात क्लबने जवळजवळ अख्खी खोली रिकामी केली. माउंट आणि हावर्ट्झ गेले, कोव्हाचिच सिटीकडे गेला. कान्ते, मेंडी, कुलिबाली सौदीत. पुलिसिक आणि अकॅडमीचा रुबेन लॉफ्टस-चीक मिलानला. हडसन-ओडोई फॉरेस्टला. अठरा वर्षांच्या लुइस हॉलला न्यूकॅसलला लोनवर, म्हणजे उसना, दिलं, पुढे विकत घ्यायच्या अटीसह. पोर्तोच्या पहिल्या अकरापैकी चेल्सीत उरले तिघे: जेम्स, चिलवेल आणि सिल्वा.

यातले पुष्कळ निर्णय रास्त होते. तिशी ओलांडलेल्यांना सौदीतून किंमत मिळणं हे नशीबच. खटकते ती अकॅडमीवाल्यांची रांग. हॉल पुढे इंग्लंडकडून खेळला. आधीच्या राजवटीत, २०२१ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकलेला मार्क गेही त्यांचा कर्णधार झाला आणि मे २०२५ मध्ये त्याने एफए कप उचलला. कोबमच्या, म्हणजे चेल्सीच्या सराव केंद्राच्या, त्या मैदानांवर घडलेली मुलं चेल्सी सोडून इंग्लंडभर खेळत होती.

कॉनर गॅलाघरचं उदाहरण मला सर्वांत बोचतं. २०२३-२४ मध्ये, मॉरिसिओ पोचेटिनोच्या हाताखाली, तो सर्व स्पर्धांत ५० सामने खेळला. जेम्स आणि चिलवेल जखमी असल्याने बहुतेक वेळा कर्णधाराची पट्टी त्याच्याच दंडावर. तो संघ सहावा आला, आणि त्या धावपळीच्या मधल्या फळीत सर्वांत जास्त पळणारा तोच होता. तो जगातला सर्वोत्तम मिडफिल्डर नव्हता, असं कुणी म्हणतही नव्हतं. पण करारात एक वर्ष उरलेलं, वहीत किंमत शून्य आणि बाजारात किंमत साडेतीन कोटींच्या आसपास. ऑगस्ट २०२४ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदशी बोलणी ठरली, तो माद्रिदला पोचलाही. मग अ‍ॅटलेटिकोच्या ज्या खेळाडूच्या विक्रीतून पैसे येणार होते तो व्यवहार फिसकटला आणि गॅलाघरला लंडनला परतावं लागलं. आदल्या हंगामात कर्णधार असलेला मुलगा मुख्य संघापासून वेगळा सराव करत वाट पाहत बसला. शेवटी अ‍ॅटलेटिकोचा जोआओ फेलिक्स चेल्सीकडे यायचं ठरलं, तेव्हा याची सुटका झाली. फेलिक्स सहा महिन्यांत मिलानला लोनवर गेला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये आणखी एक व्यवहार झाला, तो समजून घेण्यासारखा आहे. चेल्सीने अकॅडमीत घडलेला डच लेफ्टबॅक इयन माटसेन अ‍ॅस्टन व्हिलाला ३.७५ कोटींना विकला. जवळपास त्याच वेळी व्हिलाकडून किशोरवयीन ओमारी केलीमन १.९ कोटींना घेतला. दोन्ही व्यवहार ३० जूनच्या आत. दोन्ही क्लबांना त्या वर्षी विक्रीचा नफा दिसला आणि दोघांचाही खरेदीचा खर्च पुढच्या वर्षांत वाटला गेला. नियमाचं एक कलमही मोडलं नाही. पण अशा अदलाबदलीत खेळाडूचं काय व्हायचं हा प्रश्न कुणी आधी विचारला असेल असं मला वाटत नाही.

खेळाडू पुरले नाहीत तेव्हा मालमत्ता कामी आली. २०२२-२३ मध्ये स्टॅम्फर्ड ब्रिजच्या आवारातली दोन हॉटेलं ७.६५ कोटींना मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला विकली, तरीही ९ कोटींचा तोटा दिसला. पुढच्या वर्षी महिला संघ मूळ कंपनीच्या नावावर केला आणि सुमारे २० कोटींचा नफा वहीत आला. त्यामुळे २०२३-२४चा निकाल १२.८४ कोटी नफा असा लागला. प्रीमियर लीगच्या नियमांत अशी विक्री रोखणारं कलम नव्हतं. इंग्लंडमधल्या सर्वांत यशस्वी महिला संघांपैकी एकाची एवढी किंमत ठरली याचा आनंद व्हायला हवा होता. ती पुरुष संघाचं भोक बुजवायला ठरली याचं मला वाईट वाटतं.

पामर, आणि कागदावरचे दोन प्रकार

या सगळ्या खरेदीत सर्वांत मोठं यश ४ कोटी अधिक अटींवरच्या पंचवीस लाखांत मिळालं. १ सप्टेंबर २०२३ला, खिडकी बंद होताना, सिटीच्या अकॅडमीतला कोल पामर आला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये २२ गोल आणि ११ असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास. एक घरचा विकून दुसऱ्याच्या घरचा घेतला आणि फायदा झाला, असं याचं समर्थन करता येतं, आणि फुटबॉलच्या दृष्टीने ते खरंच आहे.

पण यादीच्या दृष्टीने ते अर्धंच खरं. प्रीमियर लीगच्या २५ मध्ये पामर होमग्रोन, म्हणजे माउंट किंवा गॅलाघरची जागा तो भरतो. यूएफाच्या यादीत तो ‘देशात घडलेला’ आहे, ‘क्लबमध्ये घडलेला’ नाही. त्या चार जागा कुठल्याही बाजारात विकत मिळत नाहीत. त्या फक्त वेळेने भरतात, एकेकीला तीन वर्षं लागतात.

ब्रेक्झिटनंतर हे आणखी कठीण झालं. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लिश क्लबांना १८ वर्षांखालचा परदेशी खेळाडू घेता येत नाही. क्रिस्टेन्सन किंवा माटसेनसारखा कोवळा मुलगा आणून त्याला घरचा करण्याची वाट बंद झाली. आता अगदी अठराव्या वर्षी आणलेला एखादाच काठावर बसतो. ब्राझीलचा एस्तेव्हाओ २००७ साली जन्मलेला आणि २०२५च्या उन्हाळ्यात चेल्सीत आलेला, म्हणजे इथेच राहिला तर २०२७-२८च्या अखेरीस त्याचे तीन हंगाम पुरे होतील. एकोणीसचा झाल्यावर आणला असता तर तो जन्मभर त्या १७ मधलाच राहिला असता. मालक इतक्या लहान वयाची मुलं का विकत घेतात, याचं एक उत्तर या वयाच्या गणितातही आहे.

विकला न गेलेला

ट्रेवो चलोबा लहानपणापासून चेल्सीचा. सेंटर-बॅक, शांत, फार बोललं न जाणारा. २०२४च्या उन्हाळ्यात नवा प्रशिक्षक एन्झो मारेस्का आला तेव्हा चलोबाला अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलंच नाही. तो विक्रीच्या यादीत होता, कारण तेच: वहीत शून्य, बाजारात किंमत. त्याचा १४ नंबर फेलिक्सला दिला. मनासारखी विक्री झाली नाही म्हणून तो क्रिस्टल पॅलेसला लोनवर गेला आणि तिथे गेहीच्या शेजारी उभा राहिला. कोबमची जोडी, पॅलेसच्या रंगात.

जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीचे सेंटर-बॅक एकामागून एक जखमी झाले. ज्यांच्यासाठी कोट्यवधी मोजले होते ते उपचारात होते. क्लबने लोनच्या करारातलं कलम वापरून चलोबाला परत बोलावलं. त्याला २३ नंबर मिळाला. तो आला आणि खेळत राहिला. त्या हंगामात संघ चौथा आला, शेवटच्या दिवशी फॉरेस्टच्या मैदानावर १-० जिंकून चॅम्पियन्स लीगमध्ये परतला, आणि तीनच दिवसांनी व्रोत्सवाफमध्ये रेआल बेटिसला ४-१ हरवून कॉन्फरन्स लीग जिंकला.

संघ सावरत होता तसा हिशेबही दारात आला. ४ जुलै २०२५ला यूएफाने चेल्सीला ३.१ कोटी युरो दंड केला, २ कोटी तोट्याच्या नियमासाठी आणि १.१ कोटी संघाच्या खर्चाचं प्रमाण मोडल्यासाठी. पुढच्या चार वर्षांत ठरलेली लक्ष्यं चुकली तर आणखी ६ कोटी. हॉटेलं आणि महिला संघ यांची आपल्याच कंपनीला केलेली विक्री यूएफा नफ्यात धरत नाही. शिवाय अट घातली की युरोपच्या यादीत नवे खेळाडू घालायचे तर खर्चाचा ताळमेळ आधी जुळवा. म्हणजे यादीची लांबी आणि पैशाचा नियम शेवटी एकाच कागदावर आले.

नियम कसा असावा याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खरेदीचा खर्च पाच वर्षांत वाटता येतो, तर अकॅडमीच्या खेळाडूच्या विक्रीचा नफाही वाटला जावा. यूएफाच्या खर्च-प्रमाणाच्या नियमात विक्रीचा नफा तीन वर्षांच्या सरासरीने धरतात, तो योग्य दिशेचा पाऊलभर बदल आहे. ३० जूनच्या धास्तीने मुलं विकली जाणं त्याने कमी होईल. छोट्या क्लबांना घरचा खेळाडू विकूनच वर्ष काढावं लागतं, त्यांच्यासाठी सूट ठेवावी लागेल, हेही मान्य. पण चेल्सी छोटा क्लब नाही.

१३ जुलै २०२५, न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर क्लब वर्ल्ड कपची फायनल. समोर सहा आठवड्यांपूर्वी युरोप जिंकलेला पॅरिस सें-जर्मेन. आपल्याकडे पुन्हा रात्रीचे साडेबारा. चेल्सीच्या पहिल्या अकरात कर्णधार रीस जेम्स, पोर्तोच्या अकरातला उरलेला एकटा. बचावाच्या मधोमध लीवाय कोलविल आणि चलोबा. तिघेही अकॅडमीचे, तिघांचीही वहीतली किंमत शून्य. पामरने २२व्या आणि ३०व्या मिनिटाला गोल केले, ४३व्या मिनिटाला जोआओ पेद्रोच्या गोलला पास दिला. ३-०. पुढची अख्खी ४५ मिनिटं पॅरिसच्या आघाडीला जागा मिळाली नाही. शिट्टी वाजली तेव्हा इथे अडीच वाजून गेले होते. चलोबाच्या पाठीवर २३ नंबर होता. १४ त्याला परत मिळाला नव्हता.